ऑलिंपिकची ज्योत : जुनी किती, नवी किती?

मंडळी, दर चार वर्षांनी जगातली सर्वांत मोठी क्रीडास्पर्धा भरते. तिला आपण ऑलिंपिक म्हणतो. ही स्पर्धा सुरू होण्याच्या कितीतरी आठवडे आधी ग्रीस देशातल्या ऑलिंपिया नावाच्या प्राचीन क्षेत्री सूर्याच्या किरणांवर एक मशाल पेटवतात. ती एका धावपटूच्या हाती देतात. तो थोडे अंतर धावतो, पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्याची मशाल आपल्या मशालीने पेटवतो आणि बाजूला होतो. दुसरा तिसऱ्याला ज्योत देतो, तिसरा चौथ्याला. असे करीत करीत हजारो माणसांच्या हातांतून ती ज्योत स्पर्धेच्या शहरी पोचते. शेवटचा धावपटू भरल्या मैदानात येतो, मोठ्या अग्निकुंडाला ज्योत लावतो, आणि स्पर्धा संपेपर्यंत ते कुंड जळत राहते.

हे दृश्य असे भारदस्त आहे, की पाहणाऱ्याला वाटावे, ही प्रथा अडीच हजार वर्षे अखंड चालत आली असणार. शाळेच्या स्नेहसंमेलनात, क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनात पाहुणेमंडळी तसे सांगतातही. मुले ते निबंधात लिहितात, आणि गुरुजी त्यावर 'शाबास' असा शेरा मारतात. पण खरा प्रकार असा आहे, की अग्नी जुना, मशालीची शर्यतही जुनी. मात्र ऑलिंपियाहून यजमान शहरापर्यंत ज्योत धावत नेण्याची ही प्रथा १९३६ साली सुरू झाली. तीही कुठे? तर हिटलरच्या जर्मनीत, बर्लिन शहरी. आता प्रश्न असा पडतो, की ज्या प्रथेचा जन्म अशा घरी झाला, ती आपण मानावी की टाकावी? ते ठरवायचे तर आधी तिची कुळकथा नीट ऐकली पाहिजे.

प्रथम जुन्या काळात जाऊ. ग्रीक लोकांची एक पुराणकथा आहे. देवांनी अग्नी स्वतःपाशी राखून ठेवला होता. प्रॉमिथियस नावाच्या एकाला माणसांची दया आली. त्याने एका पोकळ देठात निखारा लपवून तो पृथ्वीवर आणला आणि माणसाच्या हाती दिला. देवांच्या राजाने, म्हणजे झ्यूसने, त्याबद्दल त्याला भयंकर शिक्षा केली. अथेन्स शहरात या प्रॉमिथियसची वेदी होती. शहराबाहेर अकादमी म्हणून जी राई होती, तिथे ती वेदी. आणि तिथूनच मशालीची शर्यत सुरू होऊन शहराकडे जाई. प्रॉमिथियसप्रमाणे अथेना देवीच्या आणि हेफेस्टस या लोहारांच्या देवाच्या उत्सवातही अशा शर्यती होत. मॅरेथॉनची लढाई जिंकल्यावर अथेन्सच्या लोकांनी पॅन देवासाठी दरसाल मशालीची शर्यत सुरू केली, असे हिरोडोटस हा इतिहासकार नमूद करतो.

या शर्यतीचा नियम मोठा मार्मिक होता. पॉसेनियस नावाच्या प्रवासी लेखकाने तो लिहून ठेवला आहे. नुसता सर्वांच्या पुढे आला म्हणून कोणी विजयी होत नसे. मशाल पेटलेली असली पाहिजे. पहिल्या आलेल्याची मशाल विझलेली असेल, तर मान दुसऱ्याचा. दुसऱ्याचीही विझली असेल, तर तिसऱ्याचा. आणि सगळ्यांच्याच विझल्या असतील, तर त्या वर्षी कोणीच विजयी नाही! म्हणजे बघा, जोरात पळावे तर वाऱ्याने ज्योत जाते, जपून पळावे तर दुसरा पुढे जातो. पायांत वेग आणि हातात सांभाळ, असा दुहेरी कस त्यात लागत असे.

काही शर्यती एकेकट्याच्या असत, काही संघांच्या. संघाच्या शर्यतीत एकजण दुसऱ्याच्या हाती मशाल देई. लोकांना या शर्यतीची हौसही दांडगी. अ‍ॅरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराने आपल्या नाटकात मागे पडलेल्या एका लठ्ठ गड्याची टिंगल केली आहे. वेशीपाशी उभे असलेले प्रेक्षक त्याच्या पोटावर नि पाठीवर चापट्या मारतात, असे त्यात वर्णन आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभी तर घोड्यावर बसून मशाल देत-घेत जाण्याच्या शर्यतीचा उल्लेख येतो. गावच्या जत्रेतली शर्यत आणि तिथली चेष्टामस्करी आपल्याला काही नवीन नाही. अथेन्सही त्याला अपवाद नव्हते.

परंतु इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे सगळे अथेन्सचे झाले. ऑलिंपिया हे वेगळे ठिकाण. तिथले खेळ झ्यूस देवाच्या सन्मानार्थ होत, आणि त्यांचा आरंभ परंपरेने इ. स. पूर्व ७७६ हा धरतात. ऑलिंपियात वेद्या होत्या, यज्ञ होत, आणि हेस्टिया या चुलीच्या देवीचा अग्नी तिथे सतत तेवत असे. पण मशाल हातोहात देण्याची शर्यत तिथल्या खेळांत नव्हती. खेळांच्या आधी ऑलिंपियाहून गावोगाव जात, ते दूत. स्पर्धेला येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेत कोणी उपद्रव देऊ नये, असा शस्त्रसंधी ते जाहीर करीत. शहरांची आपसातली भांडणे त्याने मिटत नसत. पण यात्रेकरूला आणि खेळाडूला वाट मोकळी मिळे.

तेव्हा प्राचीन ग्रीसमध्ये दोन धागे वेगवेगळे होते. अथेन्समध्ये मशालीची शर्यत, आणि ऑलिंपियाहून निघणारा संधीचा निरोप. या दोहोंची गाठ मारली ती विसाव्या शतकाने.

इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन बादशहा थिओडोसियस याने जुन्या देवांची पूजा बंद केली आणि ऑलिंपियाचे खेळही ओसरले. पुढे भूकंप झाले, नद्यांना पूर आले, आणि ते क्षेत्र गाळाखाली गाडले गेले. १८७५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. पुढे पियेर द कुबेर्तां या फ्रेंच गृहस्थांच्या खटपटीने १८९६ साली अथेन्सला नव्या ऑलिंपिकची पहिली स्पर्धा भरली. त्या स्पर्धेत मशाल नव्हती, अग्निकुंडही नव्हते. १९२८ साली हॉलंडमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला स्पर्धा भरली, तेव्हा यान विल्स या वास्तुकाराने मैदानाशेजारी एक उंच मनोरा बांधला आणि त्याच्या माथ्यावर प्रथमच अग्नी जळत ठेवला. तो कोणी पेटवला? ना राजाने, ना वीराने. शहराच्या सेवेतल्या एका साध्या नोकराने. त्याचा समारंभ असा झालाच नाही. १९३२ साली लॉस अँजेलिसलाही अग्नी होता, धाव नव्हती.

मग आले १९३६ साल. बर्लिनच्या स्पर्धेचे व्यवस्थापन कार्ल डीम यांच्याकडे होते. ते खेळांच्या इतिहासाचे अभ्यासक. अथेन्सची मशाल आणि ऑलिंपियाचे दूत या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी योजना मांडली, की ऑलिंपियात ज्योत पेटवावी आणि ती धावत धावत बर्लिनला आणावी. २० जुलै १९३६ रोजी ऑलिंपियात प्राचीन वेशातल्या मुलींनी अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवली. कॉन्स्टँटिनोस कॉन्डिलिस हा पहिला धावपटू निघाला. ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि जर्मनी अशा सात देशांतून, तीन हजारांहून अधिक धावपटूंच्या हातांतून, बारा दिवस आणि अकरा रात्री ती ज्योत धावत राहिली. साधारणपणे एकेका किलोमीटरला एकेक गडी. १ ऑगस्टला फ्रिट्झ शिल्गेन याने बर्लिनच्या मैदानात कुंड पेटवले.

ही योजना हिटलरच्या सरकारने उचलून धरली, ती काही ग्रीक संस्कृतीच्या प्रेमाने नव्हे. आपण जर्मन लोकच प्राचीन ग्रीकांचे खरे वारस, असे त्यांना जगाला दाखवायचे होते. मशाली बनवल्या क्रुप कंपनीने. तोफा ओतणारी हीच ती कंपनी. जर्मन रेडिओने वाटेवरची वार्ता घराघरात पोचवली. लेनी रीफेन्श्टाल या दिग्दर्शिकेने ग्रीसमध्ये जाऊन मशालीचे चित्रीकरण केले, आणि मनाजोगी दृश्ये मिळाली नाहीत तेव्हा ती पुन्हा घडवून घेतली. इकडे हा देखावा चालला असताना ग्रेटल बर्गमन या ज्यू मुलीला जर्मन संघातून वगळण्यात आले. उंच उडीत तिने नुकतीच जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती. तिचा दोष एवढाच, की ती ज्यू होती.

आणि त्या वाटेचे पुढे काय झाले, तेही ऐका. व्हिएन्नाच्या ज्या चौकात ज्योतीचे स्वागत झाले, तिथे हिटलरच्या पाठीराख्यांनी त्या वेळीच घोषणा देऊन गोंधळ घातला होता. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, मार्च १९३८ मध्ये, त्याच चौकातल्या राजवाड्याच्या सज्जातून हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याची घोषणा केली. चेकोस्लोव्हाकियाचा घास १९३८ आणि १९३९ मध्ये घेतला. १९४१ च्या एप्रिलात जर्मन फौजा युगोस्लाव्हियात आणि ग्रीसमध्ये शिरल्या. १९४४ साली हंगेरीचा ताबा घेतला. ज्योत दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली होती. रणगाडे उत्तरेकडून दक्षिणेकडे आले. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा भरल्याच नाहीत.

मंडळी, युद्धानंतर १९४८ साली लंडनला स्पर्धा भरायची ठरली, तेव्हा ही प्रथा सोडून देणे सहज शक्य होते. ती एकदाच झालेली होती, आणि झाली होती ती शत्रूच्या घरी. लंडनवर जर्मन बाँब पडल्याला फार वर्षे लोटलेली नव्हती. तरीही लंडनकरांनी ती ठेवली. मात्र तिचा अर्थ बदलून ठेवली. त्यांनी तिला शांततेची धाव म्हटले. ग्रीसमध्ये त्या वेळी यादवी माजली होती, म्हणून तिथली वाट आखूड करून ज्योत जवळच्या काटाकोलो बंदरात नेली आणि जहाजावर चढवली. पहिला धावपटू दिमित्रेलिस हा ग्रीक सैन्यातला एक जवान. मशाल हाती घेण्यापूर्वी त्याने आपली शस्त्रे खाली ठेवली, अंगावरचा लष्करी पोशाख उतरवला, आणि खेळाडूच्या साध्या कपड्यांत तो धावला. प्राचीन दूत जो संधीचा निरोप नेत, तो या एका कृतीत पुन्हा बोलला गेला. पुढे ती ज्योत स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कुबेर्तां यांच्या समाधीपाशीही नेण्यात आली.

लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ती ज्योत जळत असतानाच, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनचा चार विरुद्ध शून्य असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. स्वातंत्र्याला अजून एक वर्षही पुरते झाले नव्हते! त्याच स्पर्धेत कुस्तीत सहावा क्रमांक मिळवणारा एक मराठी पैलवान होता. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला पाव्हो नुर्मी या थोर फिनिश धावपटूने मैदानात येऊन ज्योत लावली, आणि त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांची आणि मशालीची गाठ आणखी एकदा पडायची होती. ते पुढे सांगतो.

१९५६ सालची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी स्पर्धा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला होती. ज्योत सिडनी शहरात येणार म्हणून रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे. तिथल्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी खुर्चीचा एक पाय घेतला, त्याला चंदेरी रंग दिला, वर पुडिंगचा रिकामा डबा बसवला, आत जुनी चड्डी कोंबली, तिच्यावर रॉकेल ओतले आणि काडी लावली! ही 'मशाल' घेऊन एकजण धावत सुटला. पोलिसांनी त्याला वाट करून दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नगरपालिकेच्या दारी महापौरांनी ती आदराने हाती घेऊन भाषणाला सुरुवातही केली. कोणीतरी कानाशी लागून खरा प्रकार सांगितला, तोवर तो विद्यार्थी गर्दीत मिसळून गेला होता. नाझींनी काढलेल्या प्रथेचे एवढे देव्हारे कशाला माजवायचे, असे त्या मुलांचे म्हणणे होते. पोरांची थट्टा खरी. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता.

या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तरे मिळत गेली. १९६४ साली टोकियोला ज्योत गेली, ती आशिया खंडातून फिरत. वाटेत नवी दिल्लीलाही तिचा मुक्काम झाला. टोकियोच्या मैदानात कुंड पेटवायला जपान्यांनी कोणी नामांकित विजेता निवडला नाही. योशिनोरी साकाई नावाचा एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी निवडला. त्याचा जन्म हिरोशिमा प्रांतातला, ६ ऑगस्ट १९४५ चा. म्हणजे अणुबाँब पडला त्याच दिवसाचा. त्या मुलाला पायऱ्या चढताना पाहून जगाला जे कळायचे ते कळले. त्यासाठी भाषण लागले नाही. १९६८ साली मेक्सिकोत एन्रिकेता बासिलिओ या तरुणीने कुंड पेटवले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १९९६ साली अटलांटाला मुष्टियोद्धा महंमद अली यांनी, कंपवाताने हात थरथरत असताना, ज्योत लावली. २००० साली सिडनीला आदिवासी समाजातल्या कॅथी फ्रीमन यांनी लावली. २०१६ साली अथेन्समधल्या निर्वासितांच्या छावणीतून ज्योत गेली, आणि ती हाती धरली इब्राहिम अल हुसेन या सीरियन जलतरणपटूने. युद्धात त्याचा एक पाय गेलेला होता.

अर्थात् सगळेच काही असे उदात्त घडले नाही. १९८४ साली अमेरिकेत एकेक किलोमीटर तीन हजार डॉलरला देण्यात आला. पैसा धर्मादाय कामाला गेला, तरीपण पवित्र ज्योतीचा बाजार मांडला म्हणून ग्रीक लोक संतापले. २००८ साली बीजिंगची ज्योत जगभर फिरली, तेव्हा तिबेटच्या प्रश्नावरून लंडन-पॅरिसमध्ये निदर्शने झाली. नवी दिल्लीत त्या वर्षीच्या १७ एप्रिलला ती कडेकोट पहाऱ्यात अगदी थोड्या अंतरावर नेण्यात आली, आणि फुटबॉलपटू भायचुंग भुतिया यांनी ती हाती घ्यायला नकार दिला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवले, की यापुढे जगप्रदक्षिणा नको; ग्रीसमधली वाट झाली, की ज्योत यजमान देशातच फिरवावी. सारांश, जिच्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात, ती वस्तू सत्तेलाही हवी असते आणि सत्तेला विरोध करणाऱ्यालाही हवी असते.

आता कोणी विचारील, ही ज्योत खरोखर विझत नाही का? विझते हो! पाऊस आहे, वारा आहे, यंत्राचा दोष आहे. म्हणून मूळ ज्योतीवर पेटवलेले दिवे खाणीतल्या कंदिलासारख्या बंद कंदिलांत सोबत ठेवतात. मशाल विझली, की त्यावर पुन्हा पेटवायची. १९७६ साली माँट्रियलला पावसाने कुंड विझले, तर तिथल्या एका कर्मचाऱ्याने चटकन आपल्या सिगारेटच्या लायटरने ते पेटवून दिले! अधिकाऱ्यांना कळताच त्यांनी ते मालवले आणि राखीव ज्योतीवर पुन्हा लावले. त्याच वर्षी ज्योत अथेन्सहून कॅनडाला नेली, ती विमानाने नव्हे. ज्योतीचा विद्युत्संदेश उपग्रहामार्फत ओटावाला पाठवला आणि तिथे लेसर किरणाने नवी मशाल पेटवली. मग ती ज्योत तीच की दुसरी? आपल्या घरी एका समईवरून दुसरी समई लावतो, तेव्हा तेल वेगळे, वात वेगळी. तरी ज्योत तीच, असे आपण म्हणतोच ना! ऑलिंपियातही आभाळ असेल त्या दिवसासाठी आदल्या तालमीत पेटवलेली ज्योत राखून ठेवतात. २०२४ सालच्या १६ एप्रिलला पॅरिस स्पर्धेची ज्योत अशाच राखीव अग्नीवर पेटवली गेली, कारण सूर्य ढगाआड होता. आणि त्या वर्षी पॅरिसमध्ये बलूनखाली जे कुंड झळकले, त्यात खरा जाळ नव्हता. विजेचा प्रकाश आणि पाण्याचे तुषार यांनी तो भास साधला होता.

आपल्याकडेही या प्रथेची पावले उमटली. १९५१ च्या मार्चमध्ये नवी दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा ब्रिगेडियर दलीप सिंग यांनी ज्योत मैदानात आणली. ते १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघातले. पुढे १९८२ साली दिल्लीतच पुन्हा आशियाई स्पर्धा झाल्या. त्या मशालीच्या धावेत ज्यांचा समावेश झाला, त्यांत गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते. वय छप्पन्न. हेलसिंकीच्या पदकाला तीस वर्षे उलटलेली. देशाने त्यांची म्हणावी तशी कदर केली नव्हती, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर. दोन वर्षांत, १९८४ च्या ऑगस्टात, ते अपघातात गेले. पण त्या दिवशी तरी मशाल योग्य हाती आली होती.

खेड्यातल्या माणसाला धावत्या ज्योतीचे फारसे नवल वाटणार नाही. नवरात्र आले, की तरुण मंडळाची पोरे तुळजापूरला जातात आणि भवानीची ज्योत पेटवून पाळीपाळीने धावत गावाकडे आणतात. शिवजयंतीला शिवनेरीवरून, रायगडावरून, पन्हाळ्यावरून शिवज्योत येते. पुष्कळ जण अनवाणी धावतात. वाटेतल्या गावचे लोक पाणी देतात, चहा देतात. या धावा आणि ऑलिंपिकची धाव यांची परंपरा एक नव्हे, हे खरे. परंतु एकाने दमायच्या आत दुसऱ्याने हात पुढे करायचा, ही रीत एकच. तेव्हा अथेन्सच्या त्या नियमाचे मर्म आपल्या पोरांना चटकन कळेल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक प्रसंग सांगतो, तो वर्गात जरूर सांगावा. १९३६ च्या धावेत ग्रीसमधल्या डेल्फी या प्राचीन स्थळी एक समारंभ होता. त्यासाठी ऑलिंपिकची पाच वर्तुळे कोरलेला एक दगड तयार केला. समारंभ आटोपला, दगड तिथेच राहिला. वीस-पंचवीस वर्षांनी काही लेखक तिथे गेले. भग्न मंदिरांच्या शेजारी तो दगड पाहून त्यांनी ग्रंथात लिहून टाकले, की पाच वर्तुळांचे चिन्ह प्राचीन ग्रीकांचे आहे! वास्तविक ते चिन्ह कुबेर्तां यांनी १९१३ साली काढलेले. पण छापून आले म्हणून एकाने दुसऱ्याचे उचलले, दुसऱ्याचे तिसऱ्याने, आणि ती चूक पुस्तकापुस्तकांतून पसरत गेली. मशाल जशी हातोहात जाते, तशी खोटी गोष्टही हातोहात जाते. फरक इतकाच, की खोट्या गोष्टीला वाऱ्याची भीती नसते.

म्हणून मुलांना दोन्ही सांगावे. अथेन्सची शर्यत सांगावी, आणि बर्लिनचे १९३६ सालही सांगावे. बर्लिनचे नाव ऐकून मुले हिरमुसतील, असे मनात आणू नये. उलट त्यांना विचारावे, की या ज्योतीचे तुम्ही काय कराल? मग दिमित्रेलिसने शस्त्रे खाली ठेवली ते सांगावे, हिरोशिमाचा साकाई सांगावा, कराडचे खाशाबा सांगावेत. वाईट घरी जन्मलेली रीत चांगल्या माणसांनी हाती घेऊन तिला दुसरे वळण लावले, हे कळायला आठवी-नववीची मुले पुरेशी शहाणी असतात. आणि तीच रीत पुन्हा कोणी वाकडी वळवू पाहील तर डोळे उघडे ठेवावेत, हेही त्यांना त्यातूनच उमजेल.

जमले तर येत्या क्रीडादिनाला मैदानावर अथेन्सच्या नियमाची शर्यत घ्या. आगीऐवजी पोरांच्या हाती काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला द्या. लहान मुलांच्या हाती जाळ नको. प्रत्येक संघात चार-पाच मुले, आणि पेला एकाकडून दुसऱ्याकडे जावा. पहिला येणारा संघ पेला रिता करून आला, तर मान त्याच्या मागच्याला. सगळेच पेले रिते झाले, तर कोणालाच नाही. पॉसेनियसने लिहिलेला नियम मुलांच्या जन्मभर ध्यानात राहील, आणि नुसते पुढे पळणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे सांगायला वेगळा धडा घ्यावा लागणार नाही.